नवव्या पलटणीची बदली

कुंदा,

मुग्धाने सांगितलंय, मावशी, आईबद्दल एक पान लिही, नाइस लिही. तुझ्या लेकीला नाही म्हणणं मला जमत नाही, म्हणून बसले आहे. पण नाइस कसं लिहू? तू नाइस नव्हतीस. मीही नाही. आपलं दोघींचं जमलं ते त्याच्यावरच.

मंडळाच्या अंकात बाकीच्यांनी लिहिलंय की तू हसतमुख होतीस, सुगरण होतीस, सगळ्यांना धरून असायचीस. वाचून मला वाटलं, ही कोण बाई गेली? तुझे दडपे पोहे दर वेळी गिच्च व्हायचे. हसायचीस ते बहुतेक दुसऱ्याची फजिती झाल्यावर. आणि सगळ्यांना धरून असशील, पण मला तू पाच वर्षांपूर्वी सोडलंस, तेही असं, की इल्फर्डमधल्या झाडून साऱ्या मराठी बायकांना दिसावं. ते कुणी लिहिलेलं नाही. मी लिहिते.

आधी चांगलं आठवते, म्हणजे मुग्धाचा मान राहील. आपल्याकडे आईवडील सहा महिन्यांच्या व्हिसावर यायचे. लंडन आय बघून व्हायचं, राणीचा वाडा बाहेरून बघून व्हायचा, आणि मग बिचारे खिडकीत बसून समोरचा गोरा गवत कापतो ते बघत राहायचे. तू म्हणालीस, यांना रोमन दाखवू. मी म्हटलं, रोमन कशाला? तू म्हणालीस, "इंग्रजांवर कुणीतरी राज्य केलं होतं हे बघून म्हाताऱ्यांना बरं वाटेल." आणि खरंच वाटलं. कोल्चेस्टरला रोमनांच्या भिंतीशी उभे राहून माझे सासरे पहिल्यांदा या देशाबद्दल चार शब्द बरे बोलले.

तू शाळेत पोरांना जेवण वाढणारी डिनर लेडी होतीस, मग इयर फोरच्या वर्गात मदतनीस झालीस. इयर फोरला रोमन असतात. आठ वर्षांच्या पोरांच्या वह्यांतून तू सगळं उचललंस, ढाली, तलवारी, कोण कुणावर चालून गेला, कोण कुठे गाठला गेला. मी कौन्सिलच्या रेकॉर्ड्समध्ये. मला कागद लागतो, तारीख लागते, खाली कुणाची सही आहे ते लागतं. म्हणून लढाया तुझ्या आणि सिनेट, कायदे, निवडणुका माझ्या, अशी वाटणी झाली. बारा वर्षं, वर्षातून तीनदा कोच निघायचा इल्फर्ड स्टेशनसमोरून. पुढच्या सीटवर तू माइक घेऊन, शेजारी मी पुस्तिकांचं खोकं मांडीवर घेऊन, आणि मागे पन्नास माणसं तिखटमिठाच्या पुऱ्या खात.

ती पुस्तिका आपली. निळं कव्हर, अठ्ठेचाळीस पानं, 'ब्रिटनमधले रोमन : मराठी पाहुण्यांसाठी'. खाली, कुंदा आणि विद्या. कुणाचं नाव आधी यावं यावर आपण दोन महिने भांडलो होतो. शेवटी बाराखडीने तुझ्या बाजूने निकाल दिला.

भांडणं तर काय, सांगून संपायची नाहीत. रोमचं प्रजासत्ताक कुणी मारलं, हे एक आपण बसच्या वरच्या मजल्यावरून गॅन्ट्स हिलपर्यंत भांडायचो आणि उतरून फुटपाथवर पुरं करायचो. तू म्हणायचीस, सैन्याने. सैनिकांना जमीन कोण देणार, सिनेट की सेनापती? जो देईल त्याचे ते. मी म्हणायचे, कायद्यानेच मारलं. एकदा अपवाद केला, एका माणसाला मुदतीपेक्षा जास्त अधिकार दिले, मग प्रत्येकालाच अपवाद हवा झाला. तू म्हणायचीस, लोकांना मनातून एकच माणूस हवा असतो. मी म्हणायचे, नाही, लोक दमतात. हे आपलं मिटलं नाही. आता तू नाहीस तर माझंच खरं, असं म्हणायला मला काय हरकत आहे? पण मजा येत नाही.

एकदा आपण दोघीच गेलो होतो, कोच नाही, मंडळ नाही. हेक्समला, जुन्या चर्चच्या तळघरात. तिथल्या भिंतीत रोमनांचा एक दगड बसवलेला आहे. त्याच्यावर सेव्हेरस बादशहाचं नाव, थोरल्या मुलाचं नाव, आणि पुढे ओबडधोबड खरवडलेली जागा. तू मोबाइलचा टॉर्च धरलास आणि मला धाकट्याची, गेटाची गोष्ट सांगितलीस, मला माहीत असूनही. सेव्हेरस दोन्ही मुलांना घेऊन स्कॉटलंड जिंकायला आला, आणि यॉर्कला मेला. मरताना म्हणाला, दोघं भाऊ मिळून राहा, सैनिकांना खूश ठेवा, बाकी कुणाची पर्वा करू नका. वर्षही पुरतं झालं नाही, तोवर थोरल्याने धाकट्याला आईच्या मिठीत असताना मारलं. वर हुकूम काढला, जिथे जिथे गेटाचं नाव असेल तिथून खोडा. मग या थंडीत, या ओलीत, कुणीतरी शिपाई छिन्नी घेऊन बसला असेल, ज्याने गेटाला कधी पाहिलंही नव्हतं.

तू त्या खड्ड्यावरून बोट फिरवलंस आणि म्हणालीस, "बघ, खोडलेलंच जास्त लागतं हाताला. राहू दिलं असतं तर कुणी वाचलंही नसतं." तुझ्या आयुष्यात तू बोललेल्या चार शहाण्या वाक्यांतलं ते एक. ते लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आता यॉर्कची ट्रिप. मुग्धाचा साखरपुडा ठरला होता आणि मालतीबाई, तुझ्या होणाऱ्या विहीणबाई, पुण्याहून आल्या होत्या. पुण्यात मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. सुती साडी, चष्म्याला साखळी, बोलताना प्रत्येक शब्द सुटा. तू त्यांना घाबरायचीस. का, ते मला एकटीला माहीत होतं. तू बारावीनंतर शिकली नव्हतीस, आणि मुग्धाचं स्थळ बघताना कुणीतरी तुला 'शिक्षिका' म्हणून सांगितलं होतं, ते तू सुधारलं नव्हतंस. माझ्या किचनमध्ये बसून तू म्हणाली होतीस, "मला एक गोष्ट येते, विद्या. रोमन येतात. ती त्यांना ऐकवते, म्हणजे झालं." तू आठवडाभर तयारी केलीस. त्यांना पहिल्या रांगेत बसवलंस. पीटरबरोजवळच्या सर्व्हिस स्टेशनवर त्यांना मळमळायला लागलं, तर आपल्या पर्समधून गोळी काढून दिलीस, पाणी दिलंस, खिडकीशी उशी लावून दिलीस.

मग माइक घेतलास आणि नवव्या लीजनची गोष्ट सुरू केलीस. पाचेक हजारांची पलटण. यॉर्क वसवलं तिनेच. त्याच्या आधी इथल्या बंडखोर बूडिका राणीने पलटणीचं पायदळ कापून काढलेलं, तरी पुन्हा उभी राहिलेली. तू उभी राहून सांगत होतीस, एक हात सामान ठेवायच्या फळीला, माइकची वायर मनगटाला गुंडाळलेली. पलटण उत्तरेला निघाली. धुकं होतं. पाच हजार माणसं, त्यांचा निशाणावरचा गरुड, त्यांची खेचरं, धुक्यात शिरली. आणि परत आली नाहीत. एक माणूस नाही, एक निरोप नाही. तू थांबलीस. कोचमध्ये कुणी पुरी चावत नव्हतं.

तेव्हा मी तुझ्या हातातून माइक घेतला. मी म्हटलं, "एक छोटीशी दुरुस्ती. हॉलंडमध्ये या पलटणीच्या शिक्क्याच्या विटा सापडल्या आहेत. त्यामुळे ती धुक्यात वगैरे काही गेली नव्हती." आणि मग, कुंदा, मला राहवलं नाही. मी म्हटलं, "तिची बदली झाली होती."

पन्नास निवृत्त माणसं, त्यांतली अर्धी सरकारी नोकरीतली. कोच फुटला हसून. कुणीतरी मागून ओरडलं, घरभाडे भत्त्यासकट का? पुन्हा हशा. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. तू मालतीबाईंकडे बघितलंस, आणि मीही बघितलं. त्या हसत होत्या.

मी असं का केलं, हे पाच वर्षं मला जो भेटला त्याने विचारलं, तू सोडून. मी म्हणायचे, चुकीची माहिती जायला नको. खोटं. टाळ्या दर वेळी तुला पडायच्या. माझ्या सिनेटच्या वेळी लोक झोपायचे, आणि तुझं धुकं आलं की पुरी हातात धरून ऐकायचे. मला ते सहन झालं नाही. आणि तू घाबरली आहेस हे मला ठाऊक होतं, म्हणून तो दिवस निवडला. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

मग तू जे केलंस ते तुला साजेसंच केलंस. सोमवारी मला ग्रुपवरून काढलंस. मंडळाच्या बायकांना कळेना कुणाची बाजू घ्यावी. दहांत एकाची चिठ्ठी निघायची आणि उरलेल्या नऊ जणांनीच त्याला काठ्यांनी मारायचं, ही रोमन शिक्षा तू कोचमध्ये इतक्यांदा सांगितली होतीस, की त्यांना पद्धत पाठ होती. दोन आठवड्यांत मला कुणी फोन करेना. आणि त्या शिक्षेत वाचलेल्यांना गव्हाऐवजी जव खायला द्यायचे, तेही तू विसरली नाहीस. दिवाळीला तुझ्याकडून डबा आला. वर चिवडा, खाली करंजी असेल म्हणून मी उघडला, तर खाली सुपरमार्केटातलं जवाचं पाकीट. मी किचनमध्ये उभी राहून हसले, आणि मग खाली बसले. या सबंध देशात तो विनोद कळणारी मी एकटीच होते. दुसरं कुणी मला इतकं ओळखून दुखावलं नसतं.

आणि पुस्तिका. शिल्लक होत्या दोनशे. तू त्या पुन्हा छापल्या नाहीस. प्रत्येकीवर माझ्या नावावर पांढरं लेबल लावलंस, हाताने, एक एक. मुग्धाने मला तू गेल्यावर सांगितलं. तुझ्या लेकीचं मराठी तुला माहीत आहे. म्हणाली, "मावशी, आईने मला पण बसवली लेबल लावायला. मी म्हटलं, हे नॉट नाइस आहे. आई म्हणाला, हे रोमन आहे. आणि तो गाणं म्हणत होता, लेबल लावताना." मी विचारलं, कुठलं गाणं? तिला आठवेना.

खोडलेलं हाताला जास्त लागतं, हे तूच म्हणाली होतीस. मग लेबल का लावलंस? विसरलीस, की आठवणीनेच लावलंस? त्या पुस्तिका ज्यांच्या ज्यांच्या हातात गेल्या त्यांनी अंगठ्याने ते लेबल चाचपलं असणार. हे मला तुला विचारायचं होतं. पाच वर्षं तुझ्या घरापासून माझं घर चालत अकरा मिनिटं होतं आणि मी आले नाही.

आता जे कुणालाच माहीत नाही ते. त्याच हिवाळ्यात मी नवव्या पलटणीबद्दल आणखी वाचलं. तुला खोटी पाडायला आणखी पुरावा हवा होता म्हणून. तर त्या विटा थोड्याच आहेत, कुंदा. कधीच्या, नक्की सांगता येत नाही. पलटणीतली एखादी तुकडीच तिकडे गेली असेल आणि बाकीची इथेच राहिली असेल, असं म्हणणारे अभ्यासक आहेत. पुढे ती पलटण कुठेच सापडत नाही. ना बदलीचा कागद, ना पराभवाचा. म्हणजे तुझं धुकं असू शकतं. मी ते वाचलं, पुस्तक मिटलं, लायब्ररीत परत केलं आणि गप्प बसले.

मग तुझं निदान झालं. तू बोलावलंस म्हणून हॉस्पिसमध्ये आले. तुला फक्त पातळ जात होतं. मी जवाचं पाणी करून आणलं होतं, डब्यातून. डबा उघडून तू वास घेतलास आणि इतकी हसलीस की नर्स आत आली. मला वाटलं, मिटलं. खरंच वाटलं, आता ती मायेचं काहीतरी बोलेल, मी बोलेन, आणि आपण दोघी रडू.

तू म्हणालीस, "मालतीबाई पुढच्या आठवड्यात येतायत. त्यांच्यासमोर एकदा म्हण, कुंदाचं बरोबर असू शकतं. एवढंच म्हण. बाकी काही नको मला तुझ्याकडून."

मी म्हटलं, "विटा आहेत, कुंदा."

"किती विटा?"

मला माहीत होतं. तू माझ्याकडे बघत होतीस, तुझे डोळे पिवळे पडले होते, आणि मला माहीत होतं. मी म्हटलं, "पुरेशा."

तू उशीवर डोकं वळवलंस. "बदली," म्हणालीस, भिंतीकडे बघून. मी डबा तिथेच ठेवून निघाले. कोट घालताना मला बरं वाटत होतं, हेही लिहून ठेवते. जिंकल्यासारखं वाटत होतं. मालतीबाई यायच्या आधी, चौथ्या दिवशी, तू गेलीस.

परवा शनिवारी तुझ्या नावाने कोच गेला यॉर्कला. मुग्धा म्हणाली, आईला हॉलमधली भाषणं आवडायची नाहीत, आपण ट्रिपच करू. शिल्लक पुस्तिकांचं खोकं तिने आणलं होतं, लेबलांसकट. पुस्तिका वाटल्या गेल्या. मागच्या एका काकांनी अंगठ्याने लेबल चाचपलं, उजेडात धरलं, आणि विचारलं, याच्या खाली काय आहे हो? मी म्हटलं, दुरुस्ती आहे. मालतीबाई पहिल्या रांगेत, मांडीवर मुग्धाची लेक. नातीसाठी सहा महिने आल्या आहेत. गोळी कुणी दिली नव्हती. ती आठवणीने देणारी तू होतीस.

पीटरबरो गेल्यावर मुग्धाने माइक माझ्या हातात दिला. मी बसूनच बोलले, मला चालत्या कोचमध्ये तुझ्यासारखं उभं राहता येत नाही. मी म्हटलं, पाच वर्षांपूर्वी याच रस्त्यावर कुंदाने नवव्या पलटणीची गोष्ट सांगितली होती आणि मी तिला मध्येच तोडून म्हटलं होतं, की त्या पलटणीची बदली झाली. तुम्ही सगळे हसलात. मी चुकले होते. मला तेव्हा अर्धंच माहीत होतं, आणि पुढे पूर्ण कळलं तेव्हा मी सांगितलं नाही. कुंदाचं बरोबर असू शकतं. ती जाण्याआधी तिने मला एवढंच म्हणायला सांगितलं होतं आणि मी म्हटलं नाही.

मुग्धा खिडकीबाहेर बघत होती. मी मालतीबाईंकडे बघितलं. तुझं सगळं त्यांच्यासाठीच तर होतं. त्या नातीचं टोपडं सारखं करत होत्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "अहो, मला काही आठवत नाही हो. त्या दिवशी कुंदाताईंनी गोळी दिली ना, मला जी झोप लागली ती तुमच्या हसण्यानेच जाग आली. सगळे हसत होते, म्हणून मीही हसले. काय झालं होतं?"

मी माइक बंद केला. मी विचारलं, कुंदाने तुम्हाला नंतर कधी ही गोष्ट सांगितली नाही?

त्या म्हणाल्या, "नाही हो. रोमनांचं त्या माझ्याशी कधी बोलल्याच नाहीत. मला वाटायचं, ते तुम्ही बघता आणि त्या डब्यांचं बघतात."

कुंदा, डब्यांचं. गिच्च पोह्यांचं. पाच वर्षांत त्या तीनदा आल्या, आणि दर वेळी तू त्यांच्यापुढे रोमनांचा र काढला नाहीस, कारण तुला वाटलं, यांना आठवतंय. त्यांच्या प्रत्येक हसण्यात तू तोच हशा ऐकलास. त्यांनी काही ऐकलंच नव्हतं. तुझ्या हातची गोळी खाऊन बाई झोपली होती. तू तिच्यासाठी मला खरवडून काढलंस, मी तिच्यासमोर म्हणायचं म्हणून मरणाऱ्या बाईला नाही म्हटलं, आणि ती झोपली होती.

मी पुन्हा माइक सुरू केला आणि तुझी गोष्ट तुझ्यासारखी सांगितली. बूडिका, खेचरं, गरुड, धुकं. मला सांगता येत नाही, माझी तारखांवर गाडी अडते. मागे दोघंतिघं झोपले. पण मालतीबाई जाग्या होत्या, चष्मा काढून ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, मग कुठे गेली ती माणसं? मी म्हटलं, माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. त्या म्हणाल्या, कुंदाताईंना एवढं येत होतं? मी म्हटलं, लढाया सगळ्या त्यांच्याच.

यॉर्कच्या म्युझियममध्ये पलटणीचा एक दगड आहे, त्यांनी बांधलेल्या वेशीवरचा. ब्रिटनमध्ये त्यांचं नाव तारखेसकट सापडतं ते तिथे शेवटचं. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि माझ्या पुस्तिकेवरचं लेबल नखाने काढायला लागले. निघालं नाही. गोंद चांगला वापरला होतास. अर्धं फाटलं, अर्धं राहिलं, आणि आता तिथे धड नावही नाही आणि धड लेबलही नाही. ती प्रत मी माझ्याकडे ठेवली आहे.

मुग्धा हे छापेल की नाही, मला माहीत नाही. नाइस नाहीच झालं. पण परतीच्या रस्त्यावर चार तास माझ्या मनात एकच होतं, की हे तुला सांगायला हवं. तुझं चुकलं, माझं चुकलं, ते नंतर. आधी हे, की कुंदा, ती झोपली होती गं. तू आधी पांढरी पडली असतीस, मग शिव्या दिल्या असत्यास, मग नर्स आत येईपर्यंत हसली असतीस. अकरा मिनिटं लागतात तुझ्या घरी यायला. मी धावत आले असते.

विद्या